काचवालीला ढकललं कुणी

मी एक कंट्रोलर बोलतोय. खेळ खेळताना लोक दोन्ही हातांत घट्ट धरतात ना, तो. डाव्या अंगठ्याखाली एक छोटी दांडी, उजव्या अंगठ्याखाली एक, वर चार बटणं, मागे दोन. घरात मला आई 'रिमोट' म्हणतात, धाकटा 'आपला गडी' म्हणायचा, आणि ताई सध्या मला काहीच म्हणत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मला असा धक्का बसला की अजून मी त्यातून सावरलेलो नाही. माझ्याबद्दलचीच एक गोष्ट, आणि ती कळायला मला चार वर्षं लागली. तीही परक्या माणसाने येऊन दाखवून दिली. ती सांगतोच, पण आधी मी स्वतःला काय समजत होतो ते ऐका, म्हणजे मी एवढा का हादरलो ते समजेल.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. त्या टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर निळी टोपी घातलेली एक बाई बसायची. ती प्रत्येकाची दांडी गरागरा फिरवायची आणि सोडून द्यायची. दांडी आपोआप मधोमध परत आली, तर समोरच्या पडद्यावरचा ठिपकाही मधोमध यायचा. नाही आला, तर बाई तोंडातून चकार शब्द न काढता त्याला मागच्या टोपलीत टाकायची. माझ्या आधीचा टोपलीत गेला. माझा ठिपका मात्र असा नेमका मध्ये येऊन थांबला की बाईने दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की आपण सरळ आहोत. बाकी काही असो वा नसो, सरळ आहोत.

माझा पहिला मालक म्हणजे या घरातला धाकटा. तेव्हा तो कॉलेजात होता. फुटबॉलचे सामने खेळायचा आणि हरला की मला फेकायचा. भिंतीवर तीनदा, दारावर एकदा. जिंकला तर माझा पापा घ्यायचा, त्यामुळे मी त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. एकदा मात्र त्याने शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला आणि मी पलंगाच्या लोखंडी पायावर जाऊन आदळलो. डाव्या दांडीच्या बुडाशी 'कट्' असा बारीक आवाज झाला. पुढच्या सामन्यात सगळं सुरळीत चाललं, तेव्हा मी तो आवाज विसरून गेलो. उलट, एवढा मार खाऊनही आपण धडधाकट आहोत, याचा मला अभिमानच वाटायला लागला.

पुढे धाकट्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाताना त्याने कपडे नेले, उशी नेली, मला नेलं नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, कशाचे आहेत हे कुणालाच माहीत नसलेल्या चार्जरांच्या गुंत्यात मी सात महिने पडून होतो. तिथून मला खाली काढलं ते ताईने.

ताई म्हणजे धाकट्याची मोठी बहीण. ती एका कंपनीत खेळांची चित्रं काढायची. दुसऱ्यांच्या खेळांतली सोन्याची नाणी, मुकुट, धडामधुडूम फुटणारे डोंगर. नऊ वर्षं तिने नाणी काढली. मग एक दिवस राजीनामा देऊन घरी आली आणि आईंना म्हणाली, "मी स्वतःचा खेळ करणार आहे."

"कर की," आई म्हणाल्या. "पण करणार म्हणजे काय? घरी बसून?"

"घरी बसूनच करतात तो."

आईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्या कपडे वाळत घालायला निघून गेल्या.

त्याच आठवड्यात लंबू आला. लंबू ताईच्या कंपनीतला जुना सोबती, ताडमाड उंच, दारातून वाकूनच आत येणारा. त्याने तिच्याआधीच नोकरी सोडली होती आणि तो आता एका वर्तमानपत्रात एकट्यादुकट्याने खेळ बनवणाऱ्यांबद्दल लिहायचा. ताईवर त्याने छानसा लेख लिहिला. 'दर वर्षी येऊन चौकशी करणार' असं बजावून गेला आणि चार वर्षं फिरकला नाही.

खेळाचं नाव 'काचवाली'. एक बाई. तिच्या पाठीवर तिच्याएवढीच उंच काचेची तावदानं. डोंगरउतारावरच्या एका जुन्या गावात घरोघरी फुटक्या खिडक्या आहेत आणि तिने पायऱ्या, फळ्या, अरुंद कठडे ओलांडत तिथे काच पोहोचवायची. शत्रू नाही, बंदूक नाही. जोरात चाललं की काच तडकते, तोल गेला की फुटते, बस. असे एकेचाळीस अवघड टप्पे होते आणि एकूण तीन भाग.

तिसरा भाग माझा सगळ्यात लाडका. गावाच्या टोकाला एक म्हातारा राहतो. त्याला काच हवीय, पण त्याच्या घराला खिडकीच नाही. काचवालीकडे शेवटचं तावदान उरलेलं असतं. मग ती दोघं मिळून भिंत फोडतात. तिथे माझी दांडी इतकी हलकी ढकलावी लागायची की ताईचा श्वास अडकायचा.

आता एक बारकावा सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. बहुतेक खेळांत आम्हाला एक सवलत असते. दांडी थोडीशी इकडेतिकडे झाली तरी खेळ तिकडे काणाडोळा करतो. ताईने ती सवलत काढून टाकली. काच सांभाळायची तर अंगठ्याची अगदी हलकी हालचालही खेळाला कळायला हवी, असं तिचं म्हणणं होतं. मला ते पटलं. सरळ माणसाला सवलत कशाला हवी?

सवलत काढली त्याच दुपारी काचवाली सरकायला लागली.

ताईने मला नुसतं मांडीवर ठेवलं होतं. पडद्यावर काचवाली उभी होती आणि उभ्या उभ्या, कुणी काही न करता, हळूहळू डावीकडे चालली होती. ताई चक्रावली. रस्त्याला उतार दिलाय की काय, म्हणून तिने रस्ता तपासला. काचेचं वजन तपासलं. काचवालीचे पाय काढून पुन्हा बसवले. दोन दिवस ती प्रोग्राम वरून खाली आणि खालून वर वाचत होती. मीही तिच्याबरोबर काळजीत होतो. मला वाटायचं, बिचारीची कुठेतरी बारीकशी चूक झालीय आणि ती तिला सापडत नाहीये.

तिसऱ्या दिवशी ती कंटाळली. तिने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, काचवालीला सतत थोडं उजवीकडे ढकलणारी. आकडा टाकला तीन. काचवाली जागच्या जागी उभी राहिली. ताईने त्या ओळीच्या वर स्वतःसाठी टीप लिहिली: 'हे का लागतं माहीत नाही. काढू नये.'

हे काम करणारी माणसं अशा टिपा लिहितात. चाललंय ना, मग हात लावायचा नाही. आम्ही दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

सहा महिन्यांनी काचवाली पुन्हा सरकायला लागली, तेव्हा तीनाचे पाच झाले. पुढच्या वर्षी आठ. शेवटी अकरा. एकेचाळीस टप्प्यांतली एकूणएक फळी, एकूणएक कठडा तिने मला हातात धरून जमवला. फळी किती रुंद, वळण किती तिरपं, कुठे थांबायचं, सगळं माझ्या साक्षीने.

आणि ताईचा एक हट्ट होता. खेळ पुरा होईपर्यंत कुणाला घरी न्यायला द्यायचा नाही. ज्याला बघायचाय त्याने इथे यावं, तिच्या खुर्चीत बसावं, मला हातात घ्यावं. घरात दुसरा कंट्रोलर नव्हताच. सुट्टीवर आलेला धाकटा खेळला आणि म्हणाला, "भारी गं! लोण्यासारखी चालते." तेवढ्या स्तुतीवर आम्ही पुढचे दोन महिने काढले.

घराबाहेर खेळ जायचा तो वर्षातून एकदाच, निवडीला. दर वर्षी एक प्रदर्शन भरतं. आलेल्या शेकडो खेळांतून वीस निवडतात, मोठ्या दालनात मांडतात आणि लोक येऊन खेळतात. तिथे लागलेला खेळ माणसांपर्यंत पोहोचतो. नाही लागलेला बहुतेकदा करणाऱ्याच्या खोलीतच राहतो.

पहिल्या वर्षी उत्तर आलं: 'चित्रं अप्रतिम. पण काचवाली हातात राहत नाही.'

मला राग आला. हातात राहत नाही म्हणजे? माझ्या हातात तर शहाण्यासारखी राहायची. ताई म्हणाली, "हल्ली लोकांना हळू चालताच येत नाही." तिने काच जाड केली, म्हणजे चटकन तडकायला नको. ते करताना तिचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या वर्षी उत्तर आलं: 'वारा सतत उजवीकडेच का वाहतो ते समजलं नाही. पहिल्या फळीच्या पुढे जाता आलं नाही.'

खेळात वारा नव्हताच! ताईने तीन दिवस त्या कागदाकडे बघत काढले. मग म्हणाली, "त्यांना वारा जाणवतोय. म्हणजे जाणवतोय तर दाखवायला हवा." आणि ती कामाला लागली. गावातली सगळी झाडं तिने उजवीकडे झुकवली. दोरीवरचे कपडे उजवीकडे फडफडवले. धुराड्यांतला धूर उजवीकडे वळवला. एक भाजीवाला घातला, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, 'आमच्या गावात वारा असाच, बाई.' दोन महिने लागले. केवढी ती मेहनत! मी तिच्या हातात बसून कौतुकाने बघत होतो. आज ते आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

आणि लोक पहिल्या फळीवरच अडतायत, तर त्यांना तिसरा भाग कशाला, असं म्हणून तिने तो कापला. म्हातारा गेला, भिंत गेली. मला कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी दोन ओळींचा नकार आला. कारणच दिलेलं नव्हतं.

त्यानंतर ताई खेळाला हात लावायची, पण जीव लावायची नाही. मी टेबलावर आणि ती खिडकीशी, असे दिवसच्या दिवस जायचे. आईंनी एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं, कारण त्यांच्या गप्प बसण्याने ताई आणखी खचायची.

मग तो रविवार उजाडला. दुपारी दारावरची घंटा वाजली आणि लंबू वाकून आत आला.

"चार वर्षांनी," ताई म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणूनच आलो. काय म्हणते काचवाली?"

"संपली."

"वा! पूर्ण झाली?"

"पूर्ण नाही रे. संपली. गुरुवारपासून मी नोकरीवर जातेय. दवाखान्यांचे नोंदणीचे फॉर्म बनवायचे. माणसं चांगली आहेत."

आईंनी आणलेला चहा लंबूने न फुंकता प्यायला. मग म्हणाला, "या वर्षीची मुदत बुधवारची आहे ना? पाठवणार नाहीस?"

"तीनदा नाक कापून घेतलंय. चौथ्यांदा कशाला?"

"ठीक. मी लिहिणार मात्र आहे. बंद पडलेल्या खेळावरही लिहायला हवं कुणीतरी. पण खेळल्याशिवाय मी लिहीत नाही, तुला माहितेय."

ताईने मला उचलून त्याच्यापुढे धरलं. त्याने मान हलवली आणि स्वतःच्या पिशवीतून एक कंट्रोलर काढला. "तुझा नको. पंचवीस घरं फिरतो मी, कुणाच्या घरचा हातात घेत नाही. सगळे चिकट असतात."

चिकट? मी? मला त्याचा असा संताप आला. ताईने मला टेबलावर ठेवलं आणि त्याचा जोडून दिला.

खेळ सुरू झाला. काचवाली घराबाहेर आली, दोन पावलं चालली, उजवीकडे वळली आणि सरळ गटारात. काच फुटली.

"अरे, हळू," ताई म्हणाली.

पुन्हा. गटार. पुन्हा. या वेळी ती फळीपर्यंत पोहोचली आणि फळीच्या उजव्या कडेवरून खाली. सातव्या वेळेला ताईचा आवाज चढला. "अरे, तू उजवीकडे ढकलतोयस तिला! अंगठा काढ ना!"

"अगं, मी ढकलत नाहीये."

"मला दिसतंय की!"

लंबूने मग एक साधी गोष्ट केली. खेळ पुन्हा सुरू केला, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात खांद्याच्या वर उचलले.

काचवाली उभी होती. मग कुणी काही न करता ती उजवीकडे सरकायला लागली. एक पाऊल, दोन पावलं, फरसबंदीची कड. पाठीवरच्या तावदानासकट ती गटारात पडली आणि काच खळ्ळकन फुटली.

आई कप न्यायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "तिला ढकललं कुणी?"

ताईने त्याचा काढून मला जोडलं आणि टेबलावर ठेवलं. काचवाली जागच्या जागी उभी, हलायचं नाव नाही. मला काढलं, त्याचा जोडला. ती निघाली गटाराकडे. पुन्हा मी. उभी.

तिने खेळ बंद केला आणि तपासणीचा पडदा उघडला. काळ्या चौकटीत एक पांढरा ठिपका. लंबूच्या कंट्रोलरचा ठिपका मधोमध होता. मग तिने मला जोडलं.

मी टेबलावर होतो. कुणाचा हात नव्हता, बोट नव्हतं, वाराही नव्हता. माझा ठिपका डावीकडे होता. थोडासा नाही, चांगला ठसठशीत डावीकडे. मी मनात म्हटलं, हा माझा नाही. कुणाचातरी दुसऱ्याचा असेल. ताईने माझी दांडी गोल फिरवून सोडली. ठिपका फिरला आणि परत तिथेच, डावीकडे जाऊन बसला.

वाकडा मी होतो. चार वर्षं वाकडा मी होतो आणि ती चूक स्वतःत शोधत होती. तिच्या रस्त्यात काही नव्हतं, काचवालीच्या पायांत काही नव्हतं. मी तिला डावीकडे ओढत होतो म्हणून ताई उजवीकडे ढकलत होती. मी जसजसा जास्त कलत गेलो तसतसा तिचा आकडा वाढत गेला. तीन, पाच, आठ, अकरा. तो खेळ जगात फक्त माझ्यासारख्या वाकड्याच्याच हातात सरळ चालत होता. माझ्यात आवाज असता तर मी ओरडलो असतो.

ताई ओरडली नाही. तिने खणातून ती तीन उत्तरं काढली आणि मोठ्याने वाचली, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी. 'हातात राहत नाही.' 'वारा सतत उजवीकडेच का वाहतो.' तिथे तिला हसू फुटलं, भयंकर हसू, आणि हसता हसता ती जमिनीवर बसली.

"मी वाऱ्यासाठी भाजीवाला घातला," ती लंबूला म्हणाली. "झाडं वाकवली रे मी. सगळी झाडं."

"अगं..."

"आणि म्हातारा काढून टाकला. मला वाटलं, माझ्या गोष्टीतच काही दम नाही. ते खरं सांगत होते. तिन्ही वेळा खरं सांगत होते!"

आई तिच्या शेजारी बसल्या. पाठीवरून हात फिरवला नाही की काही नाही, नुसत्या बसल्या. लंबू मला हातात घेऊन उलटंपालटं करत होता. मला त्याच्या हातात राहावत नव्हतं. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

"म्हातारा कायमचा पुसलायस?" त्याने विचारलं.

"नाही. जुनी प्रत आहे."

"आज रविवार. मुदत बुधवारी संध्याकाळी पाचला."

"गुरुवारी मला कामावर जायचंय."

"मग बुधवारपर्यंत काय करतेयस?"

ताईने डोळे पुसले आणि खुर्ची ओढली. प्रोग्राममधली ती ओळ शोधून काढली आणि टीप मोठ्याने वाचली, "'काढू नये.'" मग काढली.

पुढचे तीन दिवस मी कपाटावरून बघितले. लंबू त्याचा कंट्रोलर ठेवून गेला होता आणि ताई त्याच्यावर एकेचाळीस टप्पे नव्याने जमवत होती. सांगतो, मला मत्सर वाटला नाही. मला फक्त शरम वाटत होती. काच पुन्हा पातळ झाली. झाडं सरळ झाली. भाजीवाला राहिला, पण आता तो भाजीबद्दल बोलायला लागला. मंगळवारी जुन्या प्रतीतून म्हातारा परत आला आणि त्याच्यामागोमाग त्याची भिंतही.

"आई," ताईने हाक मारली, "तू हा खेळ एकदाही खेळली नाहीस ना?"

"नाही बाई. फुटेल म्हणून हात नाही लावला कधी."

"म्हणूनच मला तू हवीस. बस इथे."

आई बसल्या. सुईत दोरा ओवताना काढतात तसं जिभेचं टोक बाहेर काढून त्यांनी काचवालीला पहिलं पाऊल टाकायला लावलं. पहिल्या फळीवर त्या अकरा वेळा पडल्या. बाराव्या वेळी पार झाल्या आणि थक्क होऊन ताईकडे वळल्या. "ऐकते गं ही माझं!"

बुधवारी दुपारी त्या म्हाताऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचल्या. भिंत फुटली, उजेड आत आला. आईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "चार वर्षं तू हे करत होतीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, गाड्या उडवतेयस."

पाठवण्याआधी ताईने मला खाली काढलं आणि जोडलं. काचवाली सुरुवातीलाच डावीकडे निघाली, दारातल्या पायरीवरून घसरली आणि काच फुटली. आईंनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही. माझ्या हातून ती पडली म्हणजे खेळ सुधारला, हे मलाही कळत होतं. तरी त्या टाळ्या मला लागल्या. साऱ्या जगाच्या हातात ती आता नीट चालणार होती आणि जो तिच्या जन्मापासून बरोबर होता, त्याच्या हातातून पडणार होती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना खेळ गेला. गुरुवारी ताई नोकरीवर गेली.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. ताई कामावरून आली, चपलाही न काढता वाचायला लागली आणि मग आईंना वाचून दाखवलं. निवड झाली होती. पण पत्र तिथे संपत नव्हतं. पुढे लिहिलं होतं: 'पहिल्या वर्षी आमच्यातले एक ज्येष्ठ परीक्षक धडपडत शेवटपर्यंत पोहोचले होते. भिंत फोडण्याचा प्रसंग ते आम्हाला दर वर्षी सांगायचे आणि विचारायचे, ती बाई सरळ चालायला लागली का? गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांना कळवतो आहोत. एवढं साधं दुरुस्त करायला तीन वर्षं का लागली, हे मात्र आम्हाला कळलं नाही.'

"झालं ना मनासारखं?" आईंनी विचारलं. "मग रडतेस कशाला?"

प्रदर्शनासाठी तीन दिवसांची रजा मागायला हवी, एवढंच ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घातलं. मला वाटलं, आता कचऱ्यात. तशी माझी तयारीही होती. पण कामावरून सुटल्यावर ती एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. हातभर रुंद दुकान, एक स्टूल, कपाळाला भिंग लावलेला एक गृहस्थ. त्याने माझी डावी दांडी एकदाच हलवून बघितली.

"वाकलीय. केव्हापासून आहे असं?"

"चार वर्षं. जास्तच."

"आणि तसाच वापरत होता? आणला का नाही?"

"कळलंच नाही."

तो गृहस्थ हसला. "बसा, करून देतो. आतला एवढासा भाग बदलायचा."

"नको," ताई म्हणाली. "दुरुस्त नाही करायचा."

"मग आणलात कशाला?"

"किती वेळ लागला असता, तेवढंच विचारायला आले."

त्याने भिंग वर सरकवून तिच्याकडे बघितलं. "दहा मिनिटं," तो म्हणाला.

ताई स्टुलावर बसली. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली, तरी बसून होती. गृहस्थाने तिला पाणी दिलं. ते पिऊन तिने मला उचललं आणि आम्ही घरी आलो.

आता मी तिच्या टेबलाच्या खणात असतो. परवापासून प्रदर्शन आहे. लंबूचा लेख छापून आलाय. त्यात माझा उल्लेख 'एक बिघडलेला कंट्रोलर' एवढाच आहे आणि तो योग्यच आहे. वाचकहो, तुमचा निरोप घेतो. माझी विनंती तुम्हाला नाही, ताईला आहे.

ताई, मी मुद्दाम केलं नाही गं. मला खरंच वाटत होतं की मी सरळ आहे. तुझा राग असेपर्यंत मला खणात ठेव, मी काही म्हणणार नाही. पण राग ओसरला की एकदा परत त्या दुकानात जा आणि त्या माणसाला दहा मिनिटं दे. चार वर्षं तुझ्या हातात होतो, पण तुझा खेळ मी एकदाही नीट खेळलेलो नाही. मला तो खेळायचाय.